सात मिनिटांचा ढोल

आखातातल्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर हल्ली एक नियमावली फिरते आहे. मंडळाचं नाव सांगत नाही; सांगून उपयोगही नाही, कारण थोड्याफार फरकाने हीच नियमावली तुम्ही दुबईत, न्यू जर्सीत किंवा सिंगापुरातही पाहिली असेल. वर ठळक अक्षरांत ‘पारंपरिक ढोल-ताशा स्पर्धा’. खाली नियम. प्रत्येक पथकाला सात मिनिटं. वादक किमान चाळीस. वादनाला चाळीस गुण, ‘एकूण परिणामा’ला तीस, वेशभूषेला वीस, ध्वजाला दहा. पार्श्वसंगीताचा ट्रॅक चालेल, पेन ड्राइव्ह आदल्या दिवशी जमा करावा.

ही नियमावली करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. नोकरी सांभाळून, उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांत, कुणाच्या तरी गोदामात ढोल ठेवून सराव करणारी ही माणसं आहेत. माझी तक्रार ‘पारंपरिक’ या शब्दापाशी आहे. त्या कागदावर परंपरा कुठे आहे ते शोधायला गेलं तर ती वेशभूषेच्या वीस गुणांत सापडते: फेटा, नऊवारी, नथ. वाजवण्यात ती कुठे आहे? आणि त्याहून महत्त्वाचं, स्पर्धेत कुठे आहे? ढोल पारंपरिक असेल, पण ही स्पर्धा शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या समूहनृत्याची आहे. एक गट चढतो, वाजवतो, उतरतो, दुसरा चढतो. दोघे एकमेकांना ऐकतही नाहीत. पुष्कळदा दुसरा गट त्या वेळी मंचामागे फेटे बांधून घेत असतो.

सात मिनिटं आली कुठून, हे कळायला इथली परिस्थिती थोडी सांगावी लागेल. सौदी अरेबियात गणपतीची मिरवणूक रस्त्यावर निघत नाही. गणपती असतो तो घरात, दाराआड. त्यामुळे ढोल इथे देवाच्या मागून आला नाही, संस्कृतीच्या खात्यातून आला. महाराष्ट्र दिन, भारतीय समाजाचे मेळावे, आणि अलीकडे सरकारी उत्सव. २०२४ मध्ये रियाध सीझनच्या काळात इथल्या माध्यम मंत्रालयाने सुवैदी पार्कमध्ये निरनिराळ्या देशांचे दिवस साजरे केले आणि सुरुवात भारताने केली. परदेशी कामगारांच्या गाण्याबजावण्याला सरकारने उघड्यावर जागा द्यावी, ही दहा वर्षांपूर्वी कुणी मनातही आणली नसती अशी गोष्ट. पण अशा ठिकाणी मंच असतो, कार्यक्रमपत्रिका असते, आणि तुमच्या आधी भांगडा व नंतर मोहिनीअट्टम असतं. सात मिनिटं तिथली आहेत. मंचाच्या सोयीसाठी केलेली मापं आपण उचलली आणि त्यांना परंपरा म्हणू लागलो.

आता ज्या गावात मी राहतो तिथली एक गोष्ट. मी थुवलला असतो, जेद्दाच्या उत्तरेला समुद्राकाठी. माझं पोटापाण्याचं काम पडद्यांचं आहे. समुद्राच्या पाण्यातलं मीठ अडवणाऱ्या पातळ पडद्यांचं, म्हणजे अक्षरशः पाण्याचं. त्याआधी पुण्यात सहा वर्षं ताशा वाजवला, तोही पडदाच. एका हिजाझी सहकाऱ्याच्या भावाच्या लग्नात मी पहिल्यांदा मिझमार पाहिला आणि त्यानंतर संधी मिळेल तिथे पाहत आलो.

मिझमार हे नाव सनईच्या कुळातल्या वाद्याचं. पण हिजाझमध्ये, म्हणजे मक्का-जेद्दाच्या पट्ट्यात, त्या नावाने जो खेळ चालतो तो ढोलांचा आणि काठ्यांचा. पांढऱ्या पायघोळ अंगरख्यांतल्या पुरुषांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. पंधरा माणसं असतील, शंभरही असतील. एका रांगेचा म्होरक्या टाळी धरून खड्या आवाजात ओळ टाकतो, त्याची रांग ती उचलते, मग समोरची रांग त्यात शिरते. मधल्या मोकळ्या जागेत, पूर्वी पेटवलेल्या आगीभोवती, दोघे जण काठ्या फिरवत उतरतात. थोड्या वेळाने दुसरे दोघे येऊन त्यांना बाहेर काढतात. बाजूला वाद्यं चालू असतात. त्यातलं नक्रझान नावाचं वाद्य पाहून मी हसलोच: धातूचं वाडगं, तोंडावर ताणलेलं कातडं, दोन काड्या. ताशाचा चुलतभाऊ. ‘नगारा’ हा आपला शब्द मुळात अरबी ‘नक्कारा’, आणि ‘ताशा’च्या मागे ‘तास’ म्हणजे वाडगं हा फारसी-अरबी शब्द, हे कोशांत वाचलेलं होतं. इथे तो शब्द वाजताना ऐकला. २०१६ मध्ये युनेस्कोने या मिझमारला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्याच्या आदल्या वर्षी नज्दच्या ‘अर्दा’ या तलवारीच्या नाचाला घेतलं होतं. त्यातही समोरासमोर दोन रांगा, आणि ढोलांची दोन घराणी: मोठे ढोल ठेका धरून बसणारे, लहान ढोल त्यावर तिहेरी मारा भरणारे. आपल्याकडे ढोल आणि ताशा जे काम वाटून घेतात तेच.

लग्नात खेळ संपल्यावर मी सहकाऱ्याला विचारलं, “जिंकलं कोण?” तो म्हणाला, “उद्या सकाळी कळेल. ज्यांचा आवाज बसलेला असेल ते.”

यात गंमत होती, पण उत्तर खोटं नव्हतं. जुन्या जेद्दात चार मुख्य हारा आहेत: शाम, यमन, मझलूम आणि बहर. हारा म्हणजे आपली पेठ किंवा आळी. मिझमारमधली चुरस या हारांमधली. कोणी गुण देत नव्हतं. तरी कोणत्या रांगेची ओळ दुसऱ्या रांगेला उचलता आली नाही, कोणाच्या जोडीला बाहेर काढायची हिंमत समोरच्यांना झाली नाही, हे जमलेल्या प्रत्येकाला कळत होतं. गुणपत्रिका माणसांच्या तोंडी असे आणि पुढच्या लग्नापर्यंत त्यावर वाद चाले.

तुम्ही म्हणाल, हे अरबांचं झालं. मग सिंधुदुर्गातली डबलबारी आठवा. दोन भजनी मंडळं समोरासमोर, दोन बुवा, दोन पखवाज, रात्रभर सामना. एका बुवाने बारी केली की दुसऱ्याने त्याच क्रमात, अभंगाला अभंग आणि गजराला गजर, उत्तर द्यायचं. उत्तर नुसतं चांगलं असून भागत नाही. ते समोरच्याने जे टाकलं त्याचं उत्तर असावं लागतं. मुंबईच्या चाळींत आणि आता यूट्यूबवर, दोन्ही ठिकाणी डबलबारी जिवंत आहे ती यामुळेच. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब याच जातीचे. रत्नागिरीकडचा शक्ती-तुरा याच जातीचा. इथे पश्चिम सौदीत ‘मुहावरा’ म्हणून एक प्रकार आहे: दोन कवी, दोन टाळीच्या रांगा, एकाने जागच्या जागी ओळ रचायची, दुसऱ्याने त्याच वृत्त-यमकात परतवायची. भाषा न कळताही पंधरा मिनिटांत कळतं की हा कलगी-तुराच आहे.

तेव्हा ‘पारंपरिक पद्धतीची स्पर्धा’ या शब्दांना अर्थ द्यायचाच, तर तो मला इथे दिसतो. पाळी आणि उत्तर. समोरच्याचं ऐकल्याशिवाय ज्यात वाजवताच येत नाही, ती पारंपरिक स्पर्धा. फेटा असो वा नसो.

पुण्यात हे का गेलं? की तिथे कधी नव्हतंच? मुळशी-मावळाकडच्या गावांत ढोल-लेझमीच्या स्पर्धा जुन्या आहेत. पुणे शहरात आज आपण जे ‘पथक’ म्हणून ओळखतो ते मात्र बरंच अलीकडचं. अप्पा पेंडशांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी स्थापली. सत्तरच्या दशकापासून प्रबोधिनीने आणि मग रमणबाग, नूमवि यांसारख्या शाळांनी ढोल-ताशाला शिस्तीच्या चौकटीत आणलं. रांगा, शिट्टी, गणवेश, ध्वज, बरची. मुलींची पथकंही याच शालेय परंपरेतून पुढे आली. हे पुनरुज्जीवन फार मोलाचं होतं. विसर्जन मिरवणूक कर्ण्यांच्या ताब्यात जात असताना तिथे माणसांचे हात परत आले. पण शाळेने ढोल हाती घेतला तेव्हा त्याला कवायतीचं वळण मिळालं. कवायतीत सगळे एकाच दिशेला तोंड करून चालतात. समोर कोणी नसतं. पुढे पाठ असते.

मिरवणुकीत मग स्पर्धा राहिली ती संख्येची. चाळीस ढोलांचे शंभर झाले, शंभरांचे दोनशे. इथे मला माझ्या विषयातलं थोडं सांगू द्या, कारण ढोलांच्या संख्येबद्दल आपण जे मानतो त्यातलं बरंचसं कानाला पटणारं नाही. तीस वादकांच्या जागी तीनशे उभे केले तर आवाज दहापट होत नाही. पातळी साधारण दहा डेसिबलने वाढते आणि माणसाच्या कानाला तो जेमतेम दुप्पट वाटतो. दहापट माणसं, दहापट पाणी, दहापट दोर ताणणं, आणि मोबदल्यात दुप्पट. दुसरं यापेक्षा वाईट. आवाज सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर जातो, म्हणजे पस्तीस मीटर जायला त्याला सेकंदाचा दहावा भाग लागतो. ताशाची तर्री चालू असते तेव्हा दोन काड्यांमधलं अंतर साधारण तेवढंच असतं. लक्ष्मी रस्त्यावर पन्नास मीटर पसरलेल्या पथकात पुढचा ताशा मागच्या ढोलाला पोचतो तोवर पुढे एक-दीड काडी होऊन गेलेली असते. डोळ्यांनी हात पाहून ढोल सावरता येतो, पण बारकावा सावरता येत नाही. मोठी पथकं एक ठोका, दोन ठोके आणि भजनी यांतच का फिरत राहतात, याचं कारण वादकांचा आळस नाही. त्या अंतरावर दुसरं काही वाजूच शकत नाही.

२०२४ च्या ऑगस्टअखेर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने पथकात तीसहून अधिक माणसं नकोत असा आदेश दिला आणि १२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. आपल्या गटांवर तेव्हा जल्लोष झाला. मलाही बरं वाटलं. पथकाने किती माणसं घ्यावीत हे न्यायालयाने ठरवू नये. पण तीस हा आकडा वादनाच्या दृष्टीने वाईट नव्हता, हे तेव्हा कोणीच बोललं नाही. तीस जण दहा-बारा मीटरांत मावतात. तीस जण एकमेकांना ऐकू शकतात. तीन ताशे खऱ्या अर्थाने बोलू शकतात. आदेश गोंगाटापायी आला म्हणून आकडाही शत्रूचा ठरला.

आणखी एक बदल आहे, ज्याच्याबद्दल फार बोललं जात नाही: पान. ढोलाला आणि ताशाला कातड्याचं पान असायचं. ते दमट हवेत सैल पडतं, तापवावं लागतं, ताणावं लागतं. आता बहुतेक पथकांत फायबरचं पान आहे. भर पावसात वाजतं, फाटत नाही, उतरत नाही. सोय झालीच. पण कातड्याच्या पानाने वादकाला थांबायला लावलं होतं. जेद्दाच्या दमट रात्री मिझमारवाले दर थोड्या वेळाने वाद्यं आगीजवळ धरतात, तेवढ्यात पलीकडची बाजू पुढे होते. पाळीची चाल केवळ सौजन्यातून आली नसावी, ती कातड्यातूनही आली असावी, असं मला ते पाहताना वाटतं. जे वाद्य कधीच उतरत नाही त्याला थांबायचं कारण उरत नाही. आणि जो थांबत नाही त्याला उत्तर देता येत नाही, त्याच्यावर फक्त मोठ्याने वाजवता येतं. तीस-तीस तासांची मिरवणूक रस्त्यावर उभं राहून ऐकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेतल्या वाचकांना याच गोष्टीचं दुसरं रूप त्यांच्या मुलांच्या शाळेतून ठाऊक असेल: ड्रम आणि ब्युगल कोअर. पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांनी गावोगावच्या पोरांना ढोल आणि ब्युगल देऊन उभी केलेली ही पथकं, आणि त्यांच्या अटीतटीच्या स्पर्धा. सैनिकी उगम असल्यामुळे गुणदानही सैनिकी. शंभरातून सुरुवात, आणि परीक्षक मैदानात फिरत प्रत्येक चुकीला दशांश गुण कापणार. काठी चुकली, पाय चुकला, रांग वाकली, काप. काही ठिकाणी वाजवण्याआधी बुटांची आणि बटणांचीही तपासणी. १९७१-७२ मध्ये पथकांनीच या संघटनांविरुद्ध उठाव केला, स्वतःची ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ काढली आणि १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावात पहिलं अजिंक्यपद खेळवलं. नियम आता वाजवणाऱ्यांच्या हाती आले होते. मग काय झालं? १९८४ पासून चुका मोजणं बंद झालं आणि परिणामाला महत्त्व आलं. ब्युगलला १९७७ मध्ये दोन, १९९० मध्ये तीन झडपा आल्या, २००० मध्ये जुन्या ‘जी’ सुराची अट गेली, २००४ मध्ये ध्वनिवर्धक आले, २००९ मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्यं. पथकाची मर्यादा १२८ होती, ती दीडशेच्या वर गेली. आजचं वादन थक्क करणारं असतं, हे मान्यच. पण उन्हाळाभराचा खर्च आता हजारो डॉलरांत जातो आणि गावोगावची शेकडो छोटी पथकं नामशेष झाली. त्याला कारणं पुष्कळ आहेत. नियम बदलत गेले हे त्यातलं एकच.

तेव्हापासून तिथे एक वर्ग सतत म्हणतो आहे की जुन्या पद्धतीची स्पर्धा परत आणा. जुने वादक साठी-सत्तरीत पुन्हा एकत्र येऊन जुनी ब्युगलं वाजवतात. त्यांच्याबद्दल मला जिव्हाळा आहे. पण त्यांच्यातले काही जण दशांश गुण कापणारा परीक्षक परत मागतात, तिथे मी त्यांच्याबरोबर नाही. चुका मोजणारी स्पर्धा माणसाला सोपं वाजवायला शिकवते आणि परिणाम मोजणारी स्पर्धा महाग वाजवायला. दोन्हींत ऐकणारा टेबलामागे बसलेला आहे. जुन्या पद्धतीतलं राखण्याजोगं काय होतं, असं मला विचाराल तर मी गुणपत्रिकेकडे बोट दाखवणार नाही. प्रत्येकाकडे तेच मोजक्या सुरांचं गरीब ब्युगल होतं, त्याकडे दाखवीन. सगळ्यांचे हात सारखेच बांधलेले असले की कोण काय करतो ते दिसतं.

याचा पुरावा गोव्यात आहे. घुमट हे मातीच्या भांड्याचं वाद्य, त्यावर घोरपडीचं कातडं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपड मारणं गुन्हा ठरलं आणि घुमट मरणार असं लोक धरून चालले. आज ते बकऱ्याच्या कातड्यावर वाजतं, २०१९ मध्ये गोव्याने त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, आणि चतुर्थीच्या दिवसांत घुमट आरतीच्या स्पर्धा गावोगाव रंगतात. कला अकादमीचीही असते. या स्पर्धा गुणांच्याच आहेत, परीक्षक टेबलामागेच बसतात. मग त्या माझ्या मते का चालतात? कारण बाकी सगळं घट्ट आहे. घुमट, शामेळ, कासाळें एवढीच वाद्यं. आरत्या सर्वांना पाठ. माणसं हाताच्या बोटांवर नाही तर दोन हातांच्या बोटांवर मावतात. पेन ड्राइव्ह नाही. परीक्षकाला दुसरं पाहण्यासारखं काही नसल्यामुळे त्याला वादन ऐकावंच लागतं. म्हणजे परीक्षक असणं हे पाप नाही. परीक्षकापुढे फेटा, ध्वज, ट्रॅक आणि धुराचं यंत्र ठेवणं हा घोटाळा आहे.

सौदीतही जुन्या स्पर्धांचं पुनरुज्जीवन जोरात आहे. ताइफजवळची उकाझची बाजारपेठ, जिथे इस्लामपूर्व कवी एकमेकांना भिडत, ती २००७ मध्ये महोत्सव म्हणून पुन्हा सुरू झाली; कवीला मोठं बक्षीस असतं. शेजारच्या अबूधाबीत २००६ पासून दूरदर्शनवर ‘मिलियन्स पोएट’ चालतं: नबाती कविता, परीक्षक, प्रेक्षकांचे एसएमएस, लाखोंची बक्षिसं. २०१० मध्ये हिस्सा हिलाल ही सौदी बाई तिथे बुरख्यातून फतव्यांच्या अतिरेकाविरुद्ध कविता म्हणाली, तिला धमक्या आल्या आणि ती तिसरी आली. तशी कविता मुहावऱ्याच्या रांगांत, दोनशे पुरुषांसमोर, तिला म्हणता आली नसती. तिथे तिला उभंच केलं नसतं. तेव्हा मंच आणि परीक्षक यांनी काही दारं उघडलीही आहेत, हे माझ्या बाजूला अडचणीचं असलं तरी खरं आहे.

अडचणी आणखीही आहेत. समोरासमोरची स्पर्धा पेटते. मिझमारच्या काठ्या खऱ्याखुऱ्या डोक्यांत बसल्याच्या आठवणी जेद्दा-मक्केतले म्हातारे रंगवून सांगतात. डबलबारीत बुवा एकमेकांच्या घरादारापर्यंत जातात. पुण्यात दोन मंडळं चौकात समोरासमोर आली तर काय होतं ते पोलिसांना विचारा. आणि आपण परदेशात आहोत. इथे भांडणाचा शेवट दंडावर होत नाही, परतीच्या विमानावर होऊ शकतो. आयोजक गुणपत्रिकेला का चिकटतात हे मी समजू शकतो. कागद भांडण आटोक्यात ठेवतो. पण आपण मंडळातल्या निवडणुका आणि जेवणाचे मेन्यूसुद्धा भांडून ठरवतो आणि तरी दिवाळीला एकत्र बसतो. ढोलाचं एक भांडण आपल्याला झेपेल.

तेव्हा तुमच्या गटावर ही नियमावली आली असेल आणि तुम्ही समितीत असाल, तर माझं मागणं एवढंच आहे. एका बाजूला पंचवीसपेक्षा जास्त माणसं नकोत. ट्रॅक नको, माइक नको. दोन्ही पथकं दहा पावलांवर समोरासमोर, प्रेक्षक चहूबाजूंनी. मंच नकोच, वाहनतळ पुरे. पहिले तीन हात दोघांनी तेच वाजवावेत, म्हणजे दोघांना येतं काय ते कळेल. नंतर पाळीपाळीने. एकाने नवीन हात टाकावा, दुसऱ्याने त्यातलं काहीतरी उचलून परतवावं. न उचलता स्वतःचं पाठ केलेलं वाजवलं तर प्रेक्षकांनी ते हसून दाखवावं. गावठी हात वाजवणारा एखादा जुना माणूस तुमच्या गावात असेल तर त्याला परीक्षक करू नका, वाजवायला उभा करा. बायका-पुरुष एकाच रांगेत. याबाबत पुण्याच्या शाळांनी जे केलं ते परत मागे घ्यायचं नाही. बक्षीस द्यायचंच असेल तर ते समोरच्या पथकाने ठरवावं: आमच्यापैकी कोणाला तुमचं कोणतं उत्तर सुचलं नसतं. वेशभूषेचे वीस गुण काढून टाका. लोक फेटे तरीही बांधतील.

“पण आमच्या गावात एकच पथक आहे,” असं मला लगेच सांगितलं जातं. जेद्दा-रियाध साडेनऊशे किलोमीटर, रियाध-दम्माम चारशे. ढोल घेऊन कोण जाणार? मग आहे त्या पथकाचे दोन करा. पंचवीस ढोलांचं पथक सव्वीसाव्या ढोलासाठी वर्गणी काढतं, त्यापेक्षा बारा-बारांच्या दोन फळ्या होऊ देत. आणि त्याहून मजेदार उपाय हवा असेल तर शेजारी बघा. केरळात लग्नांपासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत जे ढोलपथक वाजतं त्याला ते लोक ‘नाशिक ढोल’च म्हणतात. आखातात मल्याळी किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. आपलं नाव घेऊन, आपल्याला न विचारता, ते आपल्याहून जास्त वाजवत असतील. त्यांना समोर उभं करा. त्यांचा नाशिक ढोल आणि आपला, दहा पावलांवर. पहिल्या पाच मिनिटांत दोन्हीकडच्यांना आपण नेमकं काय वाजवतो याचा विचार करावा लागेल, जो सात मिनिटांच्या मंचावर गेल्या दहा वर्षांत कोणाला करावा लागलेला नाही.

पानाबद्दलही विचारणा होते, म्हणून सांगून ठेवतो. कातड्याची इथे वाण नाही. बकरी ईदनंतर तर ती मागाल तितकी आणि फुकट मिळतात, फक्त कमावून घ्यावी लागतात आणि घरच्यांची परवानगी काढावी लागते. ताशाचं भांडं पुण्याहून सामानात आणता येतं, विमानतळावर तपासणीच्या माणसाला ते आतून-बाहेरून दाखवायची तयारी ठेवावी. तो बहुधा त्यावर दोन बोटं वाजवून बघेल आणि हसून जाऊ देईल. दोरी मात्र तिकडूनच, सुती, आणि लागते त्यापेक्षा थोडी जास्त आणा.